घरचे बोलणे आणि एक माइक

मुंब्र्यातले आमचे घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मागच्या खिडकीतून लोकलचा आवाज येतो, पुढच्या दारातून जिन्यावरच्या चपलांचा. राहून राहून कान इतके सरावले आहेत की आम्हाला त्यातले काहीच ऐकू येत नाही. ते सगळे मला पहिल्यांदा ऐकवले एका माइकने.

गेल्या वर्षी माझ्या शोहरांच्या कुवेतमधल्या कंपनीने पगार थकवले. एक महिना झाला, दोन झाले, तिसराही लागला. लग्नाआधी मी शाळेत शिकवत होते. म्हणून संध्याकाळी मगरिबनंतर सातवी-आठवीच्या मुलांना ऑनलाइन गणित आणि मराठी शिकवू लागले. अकरा मुले मिळाली. बहुतेक दापोली, मंडणगडकडची, आमच्या नात्यातली किंवा ओळखीतली. पण आठवड्याभरातच पालकांचे निरोप येऊ लागले, "टीचर, आवाज घुमतो. मुलांना निम्मं कळत नाही."

फी घ्यायची तर आवाज नीट जायला हवा. मी चौकशी केली. जो तो म्हणाला, "कंडेन्सर घ्या, स्टुडिओत तोच असतो." स्वस्तातले काही कंडेन्सर साध्या पिनेने मोबाइलला जोडायचे होते. ते मात्र एका भाच्याने घेऊ दिले नाहीत. स्टुडिओतल्या कंडेन्सरला ४८ व्होल्ट वीज द्यावी लागते, ती मोबाइलच्या पिनेतून मिळत नाही, मग आवाज बारीक आणि खरखर मोठी, असे त्याने सांगितले. ४८ व्होल्टसाठी वेगळा इंटरफेस घेणे परवडणारे नव्हते. शेवटी यूएसबीवर चालणारा कंडेन्सर घेतला. भिशीच्या पैशातून अठ्ठावीसशे रुपये गेले.

पहिले दोन दिवस तर मी त्याच्या टोकाशी तोंड नेऊन बोलत होते, लग्नातल्या माइकसारखे. मग डब्यातला कागद वाचला. त्याचे तोंड टोकाला नव्हतेच, जाळीच्या बाजूला होते. माइक फिरवला, टेबलावर लॅपटॉपच्या मागे ठेवला आणि आवाज असा स्वच्छ झाला की मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आठव्या दिवशी मी समीकरणे शिकवत होते. स्वयंपाकघरात अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारच्या खालांशी बोलत बसल्या होत्या. मला काहीच ऐकू येत नव्हते. तेवढ्यात एका मुलीने पडद्यावर लिहिले, "टीचर, तुमच्याकडे आजी रडतायत का?"

मी कानाला हेडफोन लावला आणि अम्मींचा आवाज स्पष्ट ऐकला, "तीन महिने झाले, पोराकडून पैसा नाही गो. सुनेच्या बांगड्या ठेवून भाडं दिलं. कुणाजवळ बोलू नकोस हां."

ज्यांच्याजवळ बोलायचे नव्हते, त्या अकरा घरांत ते एकाच वेळी पोहोचले होते. मी वर्ग बंद केला. शरमेने माझे कान तापले होते आणि तो सगळा राग मी अम्मींवर काढला. "जरा हळू बोलता येत नाही का? सगळ्या गावाला कळलं!"

अम्मींनी काही उत्तर दिले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मगरिबची नमाज झाली की त्या आतल्या खोलीत जाऊन गप्प बसायच्या. खाला आल्या तर हातानेच "नंतर" अशी खूण करायच्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आपल्याच घरात खुणेने बोलू लागली. वर्ग मात्र छान चालला होता.

पंधरा दिवसांनी खेडचे माझे मामू आले. लग्नाच्या मांडवात स्पीकर लावण्यात त्यांची तीस वर्षे गेली आहेत. मी झाला प्रकार सांगितला. मामूंनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "माइकचा कान चांगला आहे. तू त्याला बसवलंस कुठे?"

मग त्यांनी समजावले. कंडेन्सरमध्ये एक अगदी पातळ पडदा असतो आणि त्याच्या मागे धातूची तबकडी. दोघांत बारीकशी फट. आवाजाने पडदा थरथरला की फट कमी-जास्त होते आणि त्याची वीज बनते. पडदा हलका, म्हणून बारीक आवाजही तो टिपतो. मांडवातला माइक डायनॅमिक. त्यात पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकात हलते. तो अंगाने जड, म्हणून ओठांशी धरून बोलावे लागते.

"पण दूरचं ऐकू येतं ते मुख्यतः अंतरामुळे," मामू म्हणाले. "तू माइक दोन हात लांब ठेवलास. तुझा आवाज पुरेना, म्हणून गेन वाढवलास. गेन तुझा एकटीचा वाढत नाही, कुकरचाही वाढतो आणि अम्मींचाही. अंतर निम्मं केलंस तर तुझा आवाज सहा डेसिबलने चढतो आणि खोली आहे तेवढीच राहते."

डब्यावर बदामाचा आकार छापलेला होता. म्हणजे हा माइक समोरचे जास्त आणि पाठीमागचे कमी घेतो. माझ्या टेबलावर त्याची पाठ भिंतीला होती आणि तोंड थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे.

मामूंनी त्यांच्या पेटीतला जुना डायनॅमिक माइक आणि लॅपटॉपला जोडायचा लहान इंटरफेस मला दिला. माइकला बोटाने सरकवायचे बटण आहे. तोंडापासून चार बोटांवर धरायचा, शिकवून झाले की बटण बंद. वर्गासाठी तोच बरा निघाला. अठ्ठावीसशेचा कंडेन्सर डब्यात गेला आणि मला वाटले, पैसे पाण्यात गेले.

अम्मींचे गप्प बसणे मात्र संपले नाही. एका रात्री मी त्यांच्या पायाशी बसले आणि माफी मागितली. "चूक माझी होती अम्मी. दार उघडं ठेवून मीच माइक लावला होता."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून पलंगाखालची पेटी ओढली. आत रुमालात बांधलेल्या कॅसेट होत्या. माझे सासरे १९८२ ते १९९० कुवेतमध्ये होते. त्या काळी गावात फोन नव्हता. पत्र लिहायला वेळ लागे आणि अम्मींना वाचता येत नसे. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर कॅसेट यायची आणि जायची. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा सासरे अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. कॅसेट इथे होत्या म्हणून वाचल्या.

"मला काय रेकॉर्डिंगची भीती आहे?" अम्मी म्हणाल्या. "मी पण भरून पाठवायचे. पोरांना बाहेर काढायचे, दाराला कडी घालायचे, मग लाल बटण दाबायचे. जे त्यांनाच सांगायचं ते त्यांनाच. तेव्हा बटण माझ्या हातात होतं गो."

या एका वाक्याने मला माझी चूक नेमकी कळली. मी माइक निवडताना किंमत पाहिली, आवाज पाहिला. या घरातले कोणते बोलणे बाहेर जाईल आणि ते कोण ठरवील, हे पाहिले नव्हते.

त्या टू-इन-वनवर बारीक छिद्रांशेजारी 'कंडेन्सर माइक' असे इंग्रजीत लिहिलेले होते. भाच्याकडून पुढे कळले की कंडेन्सर माइक १९१६ साली ई. सी. वेंट या अमेरिकी शास्त्रज्ञाने बनवला. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी कायम विद्युतभार धरून ठेवणारा पातळ पडदा वापरून तो लहान आणि स्वस्त केला. त्यामुळेच तो कॅसेट रेकॉर्डरमध्ये मावू शकला. आमच्या घरी हा माइक नवा नव्हताच तर.

अम्मींना लग्नातली हळदीची गाणी येतात, आमच्या कोकणी बोलीतली. ती गाणाऱ्या त्यांच्या बरोबरीच्या बायका आता उरल्या नाहीत. मी विचारले, "भरून ठेवू का?" त्यांनी अट घातली, "पोराला पाठव. नातींना ठेव. जगाला नको." मला ते पटले.

डायनॅमिक त्यांना चालेना. हात थरथरतो, माइक ओठांशी राहत नाही, आवाजही आता पातळ झाला आहे. इथे कंडेन्सर कामी आला. फजर झाली की अम्मी जाग्याच असतात आणि तेव्हा जिना शांत असतो. आतली खोली, दार बंद, पंखा बंद. मागच्या दोरीवर दोन गोधड्या टाकल्या, म्हणजे आवाज भिंतीवरून घुमत नाही. माइक त्यांच्यापासून एक वीतभर, तोंडाच्या किंचित बाजूला, म्हणजे 'फ', 'भ'चा फुफाटा लागत नाही. गेन इतका कमी की सर्वांत मोठा आवाजही उणे बारा डेसिबलच्या वर चढू नये. लोकल गेली की आम्ही थांबतो. पावसाळ्यात माइक डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवते, कारण दमट हवेत कंडेन्सर कुरकुर करतो.

आणि बटण अम्मींच्या हातात. त्यांनी दाबले की सुरू, त्यांनी दाबले की बंद. कधी गाणे अर्धे सोडून त्या बटण दाबतात आणि मला काहीतरी सांगतात. ते रेकॉर्ड होत नाही. ते माझ्यासाठी असते.

पहिले गाणे मी कुवेतला पाठवले. तोवर थकलेल्या पगारातले दोन महिन्यांचे पैसे मिळाले होते, एकाचे अजून बाकी आहेत. त्यांचा फोन आला तेव्हा ते बराच वेळ काही बोलेनात. मग म्हणाले, "शेवटी कोंबडा ओरडला तो कुठला? मुंब्र्यात कोंबडा?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी पाळला आहे. इतकी वर्षे राहून मला माहीत नव्हते.

आता खाला पुन्हा संध्याकाळी येतात. स्वयंपाकघरात शिरण्याआधी माझ्याकडे डोकावतात आणि विचारतात, "चालू आहे का गो तो?" मी बटण दाखवते. मग आत अम्मींचा आवाज सुरू होतो, पूर्वीसारखा मोठ्याने.