तिसरीच्या वर्गाचा रोजमेळ

प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांचा दिवस बहुधा कागदांतच सरतो. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, यू-डायसची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज. अध्यापनाकडे पाहावयास उसंत उरत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीचा पट १५० हून अधिक असेल, तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद आहे. लहान शाळेत वर्ग सांभाळूनच हा भार वाहावा लागतो.

तरीही जाणता मुख्याध्यापक रोज एका वर्गात जाऊन बसतो. तिसरीतील चार मुलांना अनोळखी उतारा वाचावयास देतो, अडखळणाऱ्यांची नावे टिपतो आणि वर्गशिक्षकांशी त्याच दिवशी बोलतो. दोष काढण्यासाठी नव्हे, उपाय ठरविण्यासाठी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे ध्येयही हेच: तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, साधे गणित यावे. व्यापारी रोजमेळ जुळल्यावाचून पेढी बंद करीत नाही. येथे मात्र येणे पाचवीपर्यंत थकत जाते आणि कोणाच्या ध्यानीही येत नाही.

आपल्यापैकी अनेकजण शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आहेत. सभेत नव्या इमारतीवर तासभर चर्चा होते. तिसरीतील किती मुले वाचतात, हे मुख्याध्यापकांना क्वचितच विचारले जाते.