‘मोठा श्वास घ्या’ असं मी म्हणालो, ती माझी चूक होती

दसरा झाला की वडवणीच्या आसपासची गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याच्या आधीच्या आठवड्यात ‘डॉक्टर, छातीत धडधडतंय, जीव घाबरा होतोय’ असं म्हणत येणारे माझ्याकडे वाढतात. अशाच एका संध्याकाळी पस्तिशीतल्या एका ताईंना घरच्यांनी आणलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुकादमाकडून उचल घेतलेली, दोन लेकरं आजीजवळ ठेवून परवा निघायचं होतं. धाप लागलेली, अंगाला घाम, आणि एकच वाक्य, ‘मी मरते आता.’

ईसीजी नॉर्मल होता. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९९. बाहेर रांग होती. मी सवयीनं म्हणालो, ‘घाबरू नका ताई, मोठा श्वास घ्या.’

त्यांनी घेतले, एकामागून एक. दोन-तीन मिनिटांत ओठ बधिर झाले, हाताची बोटं आखडली. सासूबाई म्हणाल्या, ‘बाहेरचंच हाये हे, मी कवाची सांगतेय.’

बाहेरचं काही नव्हतं. झालं ते माझ्या सल्ल्यामुळे. पॅनिक अटॅकमध्ये ‘श्वास पुरत नाही’ असं वाटतं, पण बहुतेक वेळा श्वास जास्तच चाललेला असतो. एरवी मिनिटाला १२ ते २० श्वास घेणारा माणूस ३०च्या पुढे जातो. ऑक्सिजन भरपूर असतोच. कमी होतो तो रक्तातला कार्बन डायऑक्साइड. आपण त्याला टाकाऊ वायू समजतो, पण तो ठरावीक प्रमाणात लागतो. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. रक्तातल्या कॅल्शियमचा समतोल बिघडतो, म्हणून मुंग्या येतात, बोटं वळतात. ते पाहून माणूस आणखी घाबरतो आणि श्वास आणखी वाढतो.

म्हणून मोठा नाही, सावकाश श्वास हवा. आणि लक्ष सोडण्याकडे. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो. म्हटलं, पाय जमिनीला टेकवा, खांदे सैल सोडा, एक हात पोटावर. तोंड मिटून नाकानं साधाच श्वास घ्या, मनात चार मोजेपर्यंत. आता गरम चहावर फुंकर घालतो तशी, हळू, सहा मोजेपर्यंत सोडा. सहा जमत नसेल तर चार, पण घेण्यापेक्षा सोडणं लांब. माझ्या बरोबर करा. असे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. सात-आठ मिनिटांनी त्यांची बोटं सुटली. सासूबाई गप्प झाल्या, पटलं असं मात्र म्हणाल्या नाहीत.

‘म्हणजे प्राणायामच की’, असं बरेच जण म्हणतात. नातं आहेच. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं आणि प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. पण अटॅक आलेला असताना कपालभाती किंवा भस्त्रिका करू नका. तो जोराचा श्वास आहे, इथे उलटा पडेल. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपायही नको. आमच्या शिकण्याच्या काळात तो सर्रास सांगत. त्रास खरं तर हृदयाचा किंवा दम्याचा निघाला, तर पिशवी जिवावर बेतू शकते.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी २०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रात्री घरी जाताना मला स्वतःला असा झटका आला. गाडी कडेला घेतली आणि चार-सहा काही आठवलं नाही. हार्ट अटॅकच, एवढंच डोक्यात. म्हणून आता प्रत्येकाला सांगतो की सराव बरं असताना करा, सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं. विहिरीत पडल्यावर पोहायला शिकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ईसीजी काढून घेतला, तुम्हीही घ्या. असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, वय चाळिशीपुढे असेल, शुगर किंवा बीपी असेल, तर श्वास मोजत घरी बसू नका, आधी दवाखाना गाठा. थायरॉइड आणि रक्ताची कमतरता यांमुळेही धडधड होते.

झटके वारंवार येत असतील तर नुसत्या श्वासावर भागत नाही. समुपदेशन आणि औषधं दोन्हींचा चांगला उपयोग होतो. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून मध्येच सोडू नका. मेडिकलमधून आणलेली ‘झोपेची गोळी’ मात्र नको, तिची सवय लागते. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

त्या ताई ठरल्या दिवशी कारखान्यावर गेल्या. उचल फेडायची होती, मी थांबा म्हणून उपयोग नव्हता. मधे एकदा फोन आला. झटका दोनदा आला, पण बसून फुंकर घातली, गेला म्हणाल्या. रक्ताच्या गोळ्या घेता का विचारलं, तर म्हणाल्या, ‘इसरून जाते साहेब, पहाटं चारलाच फडात जावं लागतंय.’