लंकेच्या निळ्या पाण्याखाली

श्रीलंकेला आपली माणसे जातात ती अनुराधपूरचा बोधिवृक्ष आणि कँडीचे दंतधातू विहार पाहायला. 1950 साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी परमपूज्य बाबासाहेबही या बेटावर आले होते. फेब्रुवारीत आम्हीही धम्मयात्रेला गेलो. वंदना झाली आणि माझी सतरा वर्षांची मुलगी म्हणाली, "पप्पा, आता समुद्राच्या आत जायचंय."

मी गप्प झालो. मला पोहता येत नाही. वडिलांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आपल्या माणसांना वरून ओतलेले पाणी मिळे. त्यात उतरून पोहायला कोण देणार? वडिलांना पोहता आले नाही, म्हणून मलाही कोणी शिकवले नाही. मुलगी मात्र महापालिकेच्या तलावात शिकली आहे.

आम्ही दक्षिणेकडच्या हिक्कडुवाला गेलो. तिथे पहिली पायरी माझ्यासारख्यांची: काचेच्या तळाची होडी. बसल्या जागी प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. दुसरी पायरी स्नॉर्केलची. तोंडात नळी, डोळ्यांवर काच आणि अंगात तरंगते जाकीट घालून पाण्यावर पालथे पडायचे. पूर्वेला त्रिंकोमालीजवळ निलावेलीसमोरचे पिजन बेटही यासाठी प्रसिद्ध आहे. एक पथ्य पाळावे, प्रवाळावर पाय देऊ नये. तो दगड नव्हे, सजीव आहे. 1998 साली समुद्र तापला तेव्हा हिक्कडुवाचा बराच प्रवाळ मेला.

तिसरी पायरी पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारण्याची. नवख्याला प्रशिक्षक सोबत घेऊन उतरतो, तेही 12 मीटरच्या आतच. आधी दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे यांविषयी फॉर्म भरून घेतात. तिथे खोटे लिहू नये. पाण्यात श्वास कधीच रोखायचा नाही आणि कान दडपले की नाक दाबून हलकी फुंकर मारायची. आणखी एक गंमत म्हणजे अंगठा वर केला तर 'छान' नव्हे, 'वर चला' असा अर्थ होतो.

रीतसर पहिला कोर्स केलेल्याला 18 मीटरपर्यंत आणि पुढचा कोर्स केलेल्याला 30 मीटरपर्यंत जाता येते. हिक्कडुवाच्या उत्तरेला 1903 साली बुडालेले 'काँच' हे तेलवाहू जहाज आहे. ते सुमारे 20 मीटरपर्यंत खोल असल्याने अनुभवी माणसांचे काम. बट्टिकलोआजवळ 9 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी बुडवलेली 'हर्मिस' ही विमानवाहू युद्धनौका तर 50 मीटरहून खाली आहे. तिथे खास प्रशिक्षण घेतलेलेच जातात.

दक्षिण-पश्चिम किनाऱ्याला नोव्हेंबर ते एप्रिल आणि पूर्वेला मे ते सप्टेंबर समुद्र शांत असतो. बुडीनंतर 18 तास तरी विमानात बसू नये, म्हणून परतीच्या दिवशी हा बेत नको.

मुलगी पाण्याखाली गेली. मी होडीत बसून वर येणारे बुडबुडे मोजत होतो. अर्ध्या तासाने डोके वर आले. "पप्पा, कासव! अगदी हाताएवढ्या अंतरावरून गेलं!" तिच्या आईने टॉवेल पुढे केला. माझ्या तोंडून शब्द निघेना.

संध्याकाळी जवळच्या पेरलिया गावी गेलो. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत इथेच आगगाडी लाटेखाली सापडली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. त्यांच्या स्मृतीसाठी तिथे तथागतांची उंच उभी मूर्ती आहे. समुद्र देतो तसा नेतोही. त्याच्याकडे जावे ते शिकून आणि सावधपणे.

1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्यावरचा आपला हक्क सांगितला. तो ओंजळीपुरताच ठेवायचा का? श्रीलंकेला जाणे प्रत्येकाला जमणार नाही. आपल्या मालवण-तारकर्लीलाही स्कूबाची सोय आहे. तेही लांबचे वाटले तर निदान जवळच्या तलावावर मुलामुलींची नावे घाला, मुलींची आधी.

परत आल्यावर मीही सेहेचाळिसाव्या वर्षी तलावावर नाव घातले आहे. बारकी पोरे हसतात. पण परवा काठ सोडून चार हात मारले.

जयभीम!