घर विकताना स्वयंपाकघर नवे करावे का?

वृद्ध रुग्णांच्या तपासणीत रक्तदाब, साखर आणि झोप यांची चौकशी संपली की बोलणे हळूहळू घराकडे वळते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. अलीकडे त्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. राहते घर विकून मुलाजवळ किंवा मुलीजवळ जायचे ठरले आहे. मग विकण्यापूर्वी स्वयंपाकघर नव्याने करून घ्यावे का? हा प्रश्न दलालाला विचारण्याजोगा वाटतो आणि बहुतेक जण त्यालाच विचारतात. परंतु त्या स्वयंपाकघरात आजही सत्तरी-ऐंशीचे माणूस वावरत असेल, तर उत्तरातला आरोग्याचा भाग पैशाच्या भागाहून लहान नसतो. आपल्यापैकी कोणी या विचारात असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

प्रथम पैशाची बाजू पाहू, कारण ती टाळून पुढे जाता येत नाही. जुन्या घराची किंमत मुख्यतः त्याची जागा, क्षेत्रफळ, रस्ता, वाहनतळ, इमारतीचे वय आणि कागदपत्रांची स्वच्छता यांवर ठरते. नवे स्वयंपाकघर पाहून ग्राहकाचे मन प्रसन्न होते हे खरे. पण आपल्याकडे घर घेणारा स्वयंपाकघराबाबत सर्वांत जास्त आग्रही असतो. कोणाला ओटा आग्नेयेला हवा असतो, कोणाला पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक करायचा असतो, कोणाला मधली भिंतच नको असते. आपण मोठ्या हौसेने बसवलेला ग्रॅनाइट आणि ट्रॉल्या तो ताबा मिळताच काढून टाकतो. घर तुलनेने नवे असेल, रिकामे असेल आणि येणाऱ्याला लगेच राहायला यायचे असेल, तर थोडा खर्च सार्थकी लागू शकतो. चाळीस वर्षांच्या घरात तशी शक्यता कमी असते.

आता माझ्या विषयाकडे येते. स्वयंपाकघराचे काम निघाले म्हणजे ओटा फुटतो, फरशी उखडते, भिंतीवरचे तुकडे गोण्यांत भरून दाराशी ठेवले जातात. दगड, फरशी आणि काँक्रीट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या कारागिरांना त्यामुळे सिलिकोसिससारखा फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. घरातल्या माणसाला दोन-तीन आठवड्यांत तो आजार होत नाही. परंतु ज्याला दमा किंवा धूम्रपानामुळे जडलेला श्वसनविकार आहे, त्याचा त्रास एका दुपारीही उसळू शकतो. अशा एका घरी मला रात्री जावे लागले होते. गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, श्वसनविकार जुना. घराला ‘चांगले गिऱ्हाईक’ यावे म्हणून स्वयंपाकघराचे काम काढले होते आणि दिवसभर शेजारच्या खोलीत फरशी कापली जात होती. दार लावलेले होते, पण धूळ दाराखालून येतेच. त्यांना रुग्णालयात न्यावे लागले आणि पाच दिवसांनी ते घरी आले. तोपर्यंत काम अर्धवट थांबले होते आणि घर दाखवणेही थांबले होते.

धूळ हा एकच धोका नाही. जुन्या दारे-खिडक्यांवरचा तैलरंग घासताना त्यातील शिसे हवेत मिसळू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांविषयी अशी खात्री देता येत नाही. घरात लहान नातवंड किंवा गरोदर सून असेल, तर याचा विचार विशेष करावा. वाटेत पडलेल्या वायरी, ओली सिमेंट आणि फरशीचे तुकडे यांत पाय अडकून म्हातारे माणूस पडले, तर खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. त्यानंतरचे महिने कसे जातात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

मग आहार. स्वयंपाकघर बंद म्हणजे जेवण बाहेरचे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी, मीठ खावे असे सांगते. डब्याच्या आणि उपाहारगृहाच्या जेवणात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. हृदय अशक्त असलेल्या रुग्णाच्या पायांवर सूज येण्यास आणि धाप लागण्यास असे काही दिवस पुरतात. फ्रिज हलवला, त्याची वीज दिवसभर बंद राहिली, तर न उघडलेल्या इन्सुलिनचे काय, हेही कोणाच्या लक्षात येत नाही. ते दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवे. औषधांचा डबा नेहमीच्या फळीवरून उचलला गेला की गोळ्या चुकतात, हा तर प्रत्येक घरातला अनुभव आहे.

हा विचार मला केवळ रुग्णांच्या घरी करावा लागला असे नाही. चार वर्षांपूर्वी साताऱ्यातले आमचे घर विकायचे ठरले. वडील गेल्यावर आई तेथे एकटीच राहत होती. वय ब्याऐंशी, गुडघे दुखरे, आणि अलीकडे विसरायला होऊ लागले होते. तिने पुण्याला माझ्याकडे यावे असे ठरले. धाकट्या भावाचे म्हणणे होते की स्वयंपाकघर नवे करूनच घर दाखवावे. त्याने ठेकेदाराकडून अंदाजही घेतला होता. साडेचार लाख रुपये आणि दीड महिना. “ताई, धुराने काळी झालेली ती भिंत लोकांना दाखवायची म्हणजे आईने तिथे कसे दिवस काढले तेच दाखवायचे,” असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात हिशेबापेक्षा वेदना अधिक होती. आईने त्या खोलीत आधी चूल, मग रॉकेलचा स्टोव्ह आणि कितीतरी वर्षांनी गॅस असा संसार केला होता. तिला कधीच न मिळालेले स्वयंपाकघर निदान एकदा त्या घरात व्हावे, अशी त्याची इच्छा मला समजत होती.

परंतु वैद्य म्हणून मला दुसरीही गोष्ट दिसत होती. आई कालची गोष्ट विसरत असे, आलेल्या फोनविषयी तिला सांगता येत नसे; पण त्या स्वयंपाकघरात तिचा हात चुकत नसे. चहाचा डबा, साखरेचा डबा, सांडशी, पळी, सारे न पाहता सापडे. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला ताज्या घटनांची आठवण आधी ढासळते आणि हातांना लागलेल्या सवयी बराच काळ टिकतात. त्या सवयींना आधार असतो तो वस्तूंच्या ठरलेल्या जागांचा. ओटा बदलला, डब्यांची फळी गेली, गॅसची शेगडी उजवीकडून डावीकडे आली, तर असे माणूस एका रात्रीत परावलंबी होऊ शकते आणि गॅस उघडा राहण्याचा धोका वाढतो. घर विकेपर्यंत आई तेथेच राहणार होती. तो काळ तीन महिन्यांचा असेल की वर्षाचा, हे कोणीच सांगू शकत नव्हते.

शेवटी आम्ही आईलाच विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “अगं, तो ओटा माझ्या उंचीचा आहे. तुझ्या बाबांनी मला उभं करून माप घेतलं होतं. मी आहे तोवर राहू द्या. नंतर त्या लोकांना काय करायचं ते करू देत.” भाऊ त्यावर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ठेकेदाराला नाही म्हणून कळवले.

तथापि आम्ही काहीच केले नाही असे नाही. वैद्यकात आम्ही आजार आणि वार्धक्य यांत फरक करतो. केस पिकले म्हणून उपचार करत नाही. मोतीबिंदू झाला तर करतो. घराच्या बाबतीतही दोष आणि जुनेपणा वेगळे करावेत. दोष लगेच दुरुस्त करावेत, कारण ते ग्राहकाआधी राहणाऱ्याला बाधतात. आम्ही मोरीजवळची गळती काढली, उघड्या वायरी बदलल्या, अर्थिंग तपासून घेतले आणि विजेचा धक्का लागताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवले. गॅसची नळी मुदतीबाहेर गेली होती. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, ती बदलली. दिवा अधिक उजेडाचा लावला. माळ्यावरची अडगळ काढली आणि आई चार दिवस मावशीकडे गेली असताना भिंतींना रंग दिला. डब्यांच्या जागांचे छायाचित्र आधी काढून ठेवले होते, त्यामुळे ती परतली तेव्हा प्रत्येक डबा आपल्या जागी होता. एकूण खर्च चाळीस हजारांच्या आत राहिला.

घर सात महिन्यांनी विकले गेले. घेणाऱ्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवून किंमत कमी करायला लावली आणि आम्ही ती काहीशी कमी केलीही. नवे स्वयंपाकघर केले असते तर ती रक्कम वाचली असती का, याचे उत्तर आजही माझ्यापाशी नाही. आईने मात्र ते सात महिने स्वतःचा चहा स्वतः केला. भावाशी या विषयावर नंतर बोलणे झाले तेव्हा त्याने एवढेच म्हटले की तो हिशेब त्याला मान्य आहे.

आपल्यावर ही वेळ आली तर तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, असे मी सुचवेन. काम चालू असताना घरात कोण राहणार आहे? बदललेले स्वयंपाकघर विक्री होईपर्यंत कोणाला वापरावे लागणार आहे? आणि जे बदलायचे आहे तो दोष आहे की केवळ जुनेपणा? घर रिकामे असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांचा भार नाहीसा होतो आणि पुढचा निर्णय निव्वळ हिशेबाचा राहतो. घरात वृद्ध राहत असतील आणि काम टाळता येत नसेल, तर त्या काळात त्यांची सोय नातेवाइकांकडे करावी. तेही शक्य नसेल, तर फरशी पाणी मारून आणि घराबाहेर कापायला सांगावे, राडारोडा रोजच्या रोज उचलायला लावावा, त्यांची खोली कामापासून दूर ठेवावी आणि तात्पुरती शेगडी, औषधे व पिण्याचे पाणी एका ठरलेल्या जागी मांडावे. श्वसनविकार असेल, तर काम सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधांची फेरतपासणी करून घ्यावी.

कर वाचेल म्हणून नूतनीकरण करावे, असाही सल्ला आपल्याला मिळेल. घरात केलेल्या भांडवली सुधारणांचा खर्च विक्रीचा नफा काढताना वजा करता येतो. साधी रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती सहसा त्यात धरली जात नाही. परंतु वाचणारा कर हा खर्च केलेल्या रकमेचा एक लहान हिस्साच असतो. बाकीची रक्कम आपल्याच खिशातून जाते. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल, तर त्या तारखेचे बाजारमूल्य आधार म्हणून धरण्याची सोय आहे. अशा घराच्या बाबतीत मूल्यांकनाचा दाखला मिळवणे नव्या ओट्याहून अधिक उपयोगी ठरू शकते. २०२४ साली या कराच्या नियमांत बदल झाले आहेत, तेव्हा सनदी लेखापालाला विचारूनच पाऊल टाकावे. आणि घर ज्यांच्या नावे आहे, विक्रीची रक्कम त्यांच्याच खात्यात राहावी, ही काळजी मुलांनी आपणहून घ्यावी. उतारवयात स्वतःच्या नावावर पैसा असणे मनःस्वास्थ्यासाठी किती मोलाचे असते, ते मी रोज पाहते.

शेवटचे सांगणे असे की विकायच्या घराच्या ओट्यावर घालायचे पैसे जेथे राहायला जायचे आहे त्या घराच्या न्हाणीघरात घालावेत. कमोडजवळ आणि नळाजवळ आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी, रात्रभर जळणारा मंद दिवा, बसून अंघोळ करता येईल असे भक्कम स्टूल. नव्या स्वयंपाकघरातली एक फळी तरी त्यांच्या हाताला येईल अशी त्यांना द्यावी आणि त्यावर त्यांचेच जुने डबे जुन्याच क्रमाने लावावेत. स्थलांतरानंतर काही आठवडे झोप कमी होते, भूक मंदावते, माणूस अबोल होते. हे बहुधा हळूहळू सावरते. मात्र एकदोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, माणसे ओळखू येईनाशी झाली किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर ‘जागा बदलली म्हणून’ असे समजून थांबू नये. लघवीचा संसर्ग किंवा रक्तातील सोडियम कमी होणे अशी उपचार करता येण्याजोगी कारणे त्यामागे असतात, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवल्यास बहुतेकदा माणूस पूर्ववत होते.