मिरजेला सांगितलेला तंबोरा

शनिवार, १४ डिसेंबर २०२४

दत्तजयंती. अंबडला गाण्याला जाऊन आले. क्लासच्या मोठ्या मुली बरोबर होत्या. गायकाच्या मागे दोन तंबोरे, आणि आम्ही बसलो होतो अगदी पुढे. मैफल सुरू होण्याआधी तंबोरे जुळवणं चाललं होतं, तेव्हापासूनच मुली गप्प झाल्या. परतीच्या वाटेवर मध्यमाच्या परीक्षेची तयारी करणारी एक म्हणाली, "बाई, आपल्या पेटीतला तंबोरा असा का नाही वाटत?"

पेटी म्हणजे क्लासमधला इलेक्ट्रॉनिक तंबोरा. त्याने मला अनेक वर्षं साथ दिली. तो सुरापासून ढळत नाही आणि प्रवासात पिशवीत मावतो, त्यामुळे त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्याचं आवर्तन प्रत्येक वेळी तेच असतं, आणि मुख्य म्हणजे तो मुलींना जुळवावा लागत नाही. तंबोरा जुळवता जुळवता कान तयार होतो. तो भाग आमच्या शिकवण्यातून गळून गेला आहे. क्लाससाठी एक चांगला तंबोरा मिरजेहून करून घ्यायचं आज पक्कं केलं.

रविवार, २२ डिसेंबर

मिरजेच्या कारागिरांशी फोनवर बोलले. मी आकार, नक्षी, पॉलिश असं सगळं वहीत लिहून बसले होते. त्यांनी मध्येच थांबवलं. "बाई, ते सगळं मागनं बघू. आधी सूर सांगा. कोण गाणार आणि कुठल्या पट्टीत?"

खरा प्रश्न हाच. माझा आवाज वयाबरोबर खाली आला आहे. आता मला पांढरी चार बरी पडते. क्लासमध्ये मुली जास्त, त्यातल्या बहुतेक काळी चारला गातात, दोघी-तिघी काळी पाचला. तंबोरा सांगायचा तो माझ्यासाठी की त्यांच्यासाठी?

सूर आधी का ठरवायचा, ते नीट समजून घेतलं. तारेचा सूर तिची लांबी, जाडी आणि ताण या तिन्हींवर ठरतो. मर्दानी तंबोरा पाच फुटांच्या आसपास असतो. तो काळी एकच्या आगेमागे जुळतो, म्हणजे मधल्या जोडीच्या तारा सेकंदाला साधारण १३९ वेळा कंप पावतात आणि शेवटची, खर्जाची तार त्याच्या निम्म्याने. बायकी तंबोरा त्याहून आखूड असतो. काळी चारला त्याची जोड २०८ च्या जवळ आणि खर्ज १०४ ला येतो. लांब दांडीचा तंबोरा ओढून काळी चारला नेला तर तारा तुटतात. आखूड तंबोरा काळी एकपर्यंत उतरवला तर तारा ढिल्या पडून नुसत्या फडफडतात. तार बदलून एक-दोन सुरांचा फरक साधता येतो, पण दांडीची लांबी एकदा ठरली की ठरली.

काळी चार सांगितली. माझ्या पांढरी चारसाठी जाड तारांचा एक संच वेगळा मागितला. हा तंबोरा माझ्यानंतरही क्लासमध्ये राहणार आहे.

सोमवार, ६ जानेवारी २०२५

प्रत्यक्ष बघितल्याशिवाय बाकीचं ठरवायला मन तयार होईना. भल्या पहाटे जालना सोडलं. अंबड, वडीगोद्री, बीड, बार्शी, पंढरपूर, सांगोला करत संध्याकाळी मिरजेत पोचले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातूनच मिरजेला तंबोऱ्याचे भोपळे येतात. भोपळा कडू असतो, खाण्याचा नव्हे. तो वेलावर पूर्ण पिकू द्यायचा, मग महिनोन् महिने वाळवायचा. आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या कोरडवाहू भागात जे पिकतं, त्यातून किराणा घराण्याचा सूर उभा राहिला, हे मला मोठं वाटतं.

मंगळवार, ७ जानेवारी

सतारमेकर गल्ली. घराच्या ओट्यावर भोपळे, आत दांड्या, भिंतीला टेकवलेले अर्धे तंबोरे. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचा धंदा बसला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली आणि त्यांच्यामागे सगळी गल्ली उभी राहिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

दिवसभरात एकेक गोष्ट ठरत गेली.

भोपळा. कारागिरांनी तीन पुढे ठेवले आणि बोटाच्या पेराने ठोकून दाखवले. एक दिसायला सर्वांत गोल, पण आवाज ठस्स. दुसऱ्याची साल पातळ आणि आवाज मोकळा. तिसरा जाड सालीचा. त्याचा आवाज उशिरा उठतो, पण भोपळा मजबूत. "पोरांच्या हातात जाणार, तर हा घ्या," ते म्हणाले. मी तिसरा घेतला. मैफलीच्या गायिकेने दुसरा घेतला असता आणि तिच्यासाठी तेच बरोबर ठरलं असतं.

लाकूड. दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्यावर बसणारी फळी, तुणीची. तूण वजनाला हलकी, रंगाला लालसर. लाकूड किती मुरलेलं आहे ते मी पुन्हा पुन्हा विचारलं, कारण जालन्याचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. ओलसर लाकूड तिथे आखडतं आणि तबलीला चीर जाते. त्यांनी मागच्या खोलीत ठेवलेल्या जुन्या फळ्या दाखवल्या. त्यातली एक मी निवडली.

तारा. चार, पाच की सहा? पाच तारा असल्या तर पंचम आणि निषाद दोन्ही ठेवता येतात. मी चारच सांगितल्या. मालकंसाला पहिली तार मध्यमावर आणायची, मारव्याला निषादावर, हे मुलींना स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे. पहिल्या तिन्ही तारा पोलादी, खर्ज पितळी.

खुंट्या. इथे मी बराच वेळ घेतला. गिटारला असतात तशा दातेरी चाव्या लावूनही आता तंबोरा मिळतो. त्या घसरत नाहीत. लाकडी खुंटी कोरड्या हवेत आकसून सुटते आणि पावसाळ्यात फुगून अडकते, म्हणजे आमच्या हवेत दोन्ही त्रास. तरीही लाकडीच सांगितल्या. खुंटी दाबत फिरवायची, मग बारीक फरक तारेत ओवलेल्या मण्याने काढायचा, ही हाताची शिकवण चावीने मिळत नाही.

घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती. पूर्वी सांबरशिंग आणि हस्तिदंत वापरत. ते कायद्याने बंद झालं आणि योग्यच झालं. आता हाड, शिसवी, आबनूस, फायबर असे पर्याय आहेत. आमच्या तंबोऱ्याला हाडाची घोडी ठरली.

नक्षी. भोपळ्याच्या खांद्यावर कोरलेली पानं नुसती शोभेची नसतात, भोपळा आणि गळा यांच्या सांध्याला ती धरून ठेवतात. म्हणून तेवढी घेतली. दांडीवरची वेलबुट्टी सोडली आणि ते पैसे मुरलेल्या फळीत घातले.

दुपारनंतर एका तयार तंबोऱ्याची जवारी लावताना बघायला मिळाली. कारागीर मांडी घालून बसले. त्यांनी तारा बाजूला सारल्या आणि घोडीच्या माथ्यावर कानस अगदी अलगद, एकाच दिशेने ओढली. नंतर बारीक पॉलिश पेपर. तार जागेवर आणून छेडली, ऐकली, पुन्हा बाजूला सारली. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला डोळ्याला न कळणारा उतार असतो. कंप पावणारी तार त्या उताराला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि त्यातून वरचे स्वर फुटतात. शेवटी त्यांनी तारेखाली सुती दोरा घातला आणि नखाने सरकवत नेला. दोरा जरा पुढे, आवाज मुका. जरा मागे, आवाज चरचरीत. मधल्या एका जागी तार एकदम उघडली आणि खर्जातून गंधार स्वच्छ ऐकू आला. तो गंधार कुणी जुळवलेला नसतो. मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा स्वर तारेतच असतो, जवारी त्याला वाट करून देते.

"खुली ठेवू का गोल?" त्यांनी विचारलं. खुल्या जवारीत झणकार जास्त, गोल जवारीत आवाज भरीव आणि शांत. शिकणाऱ्या मुलींना स्वतःचा सूरही ऐकू आला पाहिजे. म्हणून गोलाकडे झुकणारी सांगितली.

बुधवार, ८ जानेवारी

निघण्यापूर्वी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांची कबर इथेच आहे. उरुसात गवई येऊन इथे हजेरी लावतात. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करत, जवारी लावत. गायक आणि कारागीर यांच्यातलं अंतर त्या काळी या गावात फारच कमी होतं. गायिका हिराबाई बडोदेकर १९०५ साली इथेच जन्मल्या. त्याआधी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच शिकले, आणि पुढे त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. माझ्या मुली ज्या परीक्षांना बसतात, त्यांचं मूळ या गावात आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. पुण्याहून भाच्याचा फोन. तो बँडमध्ये बेस गिटार वाजवतो आणि सध्या तोही एका कारागिराकडून बेस बनवून घेतो आहे. "आत्या, मला चाळीस गोष्टी विचारल्यात," तो म्हणाला आणि यादी वाचू लागला.

मी शांतपणे ऐकलं. चार तारा की पाच? चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार ४१ कंपनांची; पाचवी लावली तर ३१ पर्यंत खाली जाता येतं, पण मग लांबी वाढवावी असं काहींचं मत. नेहमीची लांबी ३४ इंच. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियात जो बेस बाजारात आणला, त्याची हीच लांबी होती. मग अंगाचं लाकूड, मानेची रुंदी, पडदे हवेत की नकोत. पिकअप एका वेटोळ्याचा घेतला तर घरच्या विजेची घरघर उचलतो, दोन वेटोळ्यांचा ती मारतो. आतला प्रीअँप घेतला तर नऊ व्होल्टची बॅटरी आली. सगळ्यात शेवटी रंग. रंगावर तो सगळ्यात जास्त बोलला.

मी त्याला मिरजेचा प्रश्न विचारला. तू काय वाजवणार आणि किती वेळ उभा राहून? तो जरा थांबला. मराठी-हिंदी गाण्यांचे कार्यक्रम, तीन-तीन तास. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस त्याला आवडतो. म्हणजे पाचव्या तारेची गरज क्वचित, आणि खांद्यावरचं वजन मात्र रोजचं. चार तारा, ३४ इंच, वजन चार किलोच्या आत, मान हाताला बसेल तेवढी, असं बोलता बोलता ठरलं. पिकअप पुढे बदलता येतो. मान बदलणं म्हणजे जवळजवळ नवीन वाद्य.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडवा. तंबोरा आला. गोधडीत गुंडाळून लाकडी खोक्यात घातलेला. मुलींनी गुढीशेजारी ठेवून हळद-कुंकू वाहिलं. काळी चारला जुळवला. आवाज अजून नवा आहे, जरासा बांधलेला. वाजता वाजता तो मोकळा होईल असं कारागिरांनी सांगितलंच होतं.

शुक्रवार, २५ एप्रिल

उन्हाचा कहर. दुपारी खुंट्या आपोआप सुटतात. खडूची पूड लावून बसवल्या. तंबोऱ्याची जागा बदलली. खोलीत कूलर चालू असतो, आणि त्याचा ओला वारा थेट तबलीवर गेला की दिवसा ओल, रात्री कोरड, असा मारा लाकडावर होतो. आता तो आतल्या भिंतीशी, सुती खोळीत असतो. रियाझ संपल्यावर तारा थोड्या उतरवायच्या, हे मुलींनी पाठ केलं आहे. तबली शाबूत आहे. मुरलेल्या फळीत घातलेले पैसे सत्कारणी लागले.

गुरुवार, १० जुलै

गुरुपौर्णिमा. पावसाने खुंट्या फुगल्या आहेत, फिरवायला दोन्ही हात लागतात. तरी आज सहावीतल्या मुलीने तंबोरा एकटीने जुळवला. जोड झाली, खर्ज झाला, पंचमाला ती अडली. मणी खाली सरकवला, थांबली, परत वर घेतला. मी काहीच बोलले नाही. पंचम लागला तेव्हा तो तिच्या आधी खोलीतल्या बाकीच्या मुलींना कळला.

जालन्या-परभणीकडच्या काही शिक्षकांनी मागणी कशी सांगायची म्हणून विचारलं आहे. त्यांच्यासाठी इथेच लिहून ठेवते. आधी कोण गाणार आणि कुठल्या पट्टीत ते सांगा. मग जे पुन्हा बदलता येत नाही ते निवडा, म्हणजे दांडीची लांबी, भोपळा आणि लाकूड, आणि हात सैल सोडायचा तो इथे. तारा, मणी, दोरा, जवारी पुढे कधीही बदलता येतात. त्यांची चिंता नको. नक्षी सर्वांत शेवटी. आणि जमेल तर स्वतः मिरजेला जा, भोपळा ठोकून ऐका. क्लासमध्ये पेटी असू द्या, पण तिच्याबरोबर मुलांच्या हाताने जुळेल असा एक तंबोरा असलाच पाहिजे.