नेगी-मिसो

बदलीच्या गावी परकी चव घरांत शिरते ती बहुधा पाहुणी म्हणून. जपानची ही चटणी आमच्याकडे मात्र राहावयासच आली. नेगी ही लांब, जाड पांढऱ्या दांड्याची पात. टोकियोच्या वायव्येस साइतामा प्रांतातील फुकाया हे गाव तिच्याबद्दल प्रसिद्ध आहे. दांड्याभोवती माती चढवीत गेले, की ऊन न लागून तो पांढरा व कोवळा राहतो. मिसो म्हणजे शिजविलेले सोयाबीन, मीठ, आणि ‘कोजी’ बुरशी चढविलेला तांदूळ वा जव, यांचा महिनोन्‌महिने मुरविलेला लगदा. बुरशी म्हणताच घरांत नाके मुरडली गेली. ताक नि इडली आवडीने खाणाऱ्यांनी ती मुरडू नयेत, असे आमचे मत!

येथे नेगी मिळत नाही. आम्ही कांद्याच्या पातीवर भागवितो. एक जुडी बारीक चिरून तिळाच्या तेलात मंद आंचेवर मऊ होईतो परतावी. मग २ मोठे चमचे मिसो, १ चमचा साखर, थोडे पाणी. जपानात मिरिन हे गोडसर मद्य घालतात. आमच्या कुटुंबाने त्यास उंबऱ्याबाहेरच थांबविले. मिसो चटकन करपतो, म्हणून घोटीत राहावे. कढईचा तळ दिसू लागला, की उतरावे. वरून मीठ नको.

पात बदलली, मद्य गळाले. मग ही नेगी-मिसोच काय? आमच्या मुलांच्या मराठीविषयी देशावरचे नातलग असेच विचारतात, तेव्हा आम्ही रागावतो. चटणीशी तरी कडक कोणत्या तोंडाने वागावे? ऊन ऊन भातावर सुपारीएवढी पुरते. मुले मात्र लिंबाएवढी घेतात.