रंगाऱ्याचा कालथा

गेल्या महिन्यात आम्ही दोघे न्यू जर्सीतल्या एका रंगसामानाच्या दुकानात पाऊण तास उभे होतो. घ्यायची वस्तू एकच होती, तीही दहा-पंधरा डॉलरची. समोरच्या फळीवर पंचवीस-तीस पाती टांगलेली, आणि आम्ही वधूवर मेळाव्यात आलेल्या पालकांसारखे एकेक न्याहाळत, बाजूला ठेवत, पुन्हा उचलत होतो. इंग्रजीत या अवजाराला 'फाइव्ह-इन-वन' म्हणतात. उत्पादकाच्या उत्साहानुसार हा आकडा सहावर, दहावर आणि त्याच्याही पुढे जातो. मराठीत त्याला नाव नसावे. दिसायला ते स्वयंपाकघरातल्या कालथ्याचे आडदांड भावंड, म्हणून आम्ही त्याला रंगाऱ्याचा कालथा म्हणू लागलो.

नाव नाही याचे कारण उघड आहे. ज्या वर्गात आम्ही वाढलो त्याने हे अवजार कधी हातात धरले नाही. दिवाळीच्या आधी रंगारी येत. त्यांच्या हाती लांबी भरायचे एक पातळ, लवचीक पाते, काचकागदाचे तुकडे आणि कडेला रंग वाळून दगड झालेला डबा असे. आमचे काम सामान ओढून मधोमध आणणे, त्यावर जुनी चादर टाकणे आणि दोनदा चहा देणे. ते भिंत खरवडत तेव्हा घरभर पांढरी भुकटी उडायची, आणि आम्ही मुले तिच्यावर बोटाने नावे लिहीत असू. इथे माणसाच्या मजुरीपुढे रंगाची किंमत किरकोळ ठरते; शिवाय निवृत्तीनंतर हाताला काम हवे, असे आम्हीच परस्परांना समजावले होते. लेक ऑक्टोबरात आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन यायची होती. मागची खोली त्याच्यासाठी तयार करायची होती.

आता अवजाराविषयी. पात्याची पुढची धार सरळ आणि उतरती, सुटलेला रंग खरवडण्यासाठी. एक कोपरा टोकदार, भिंतीतली चीर थोडी उघडून तिच्यात लांबी नीट बसावी म्हणून. एका कडेला अर्धचंद्राकृती खाच. तिने रोलरवर उरलेला रंग निपटून काढायचा. त्याच पात्याने डब्याचे झाकण उचकटायचे, लहानसहान भोके बुजवायची. मुठीच्या बुडाला धातूची टोपी असेल तर वर आलेला खिळाही ठोकता येतो. आपल्या विळीच्या टोकाला खवणी असते, पण तिला कोणी 'टू-इन-वन' म्हटल्याचे ऐकिवात नाही. चिरणे आणि खवणे ही एकाच बैठकीतली कामे असल्यामुळे ती जोडी आपोआप जमली. आमची निवडीची कसोटी शेवटी हीच ठरली: जी कामे खरोखरच एकामागून एक येतात तेवढीच एका मुठीत असावीत. ज्यांच्या पोकळ मुठीत स्क्रू-ड्रायव्हरची टोके खुळखुळत होती, ती अवजारे आम्ही परत टांगली. (समीक्षेतही सर्व पद्धती एका मुठीत खुळखुळवणारे लेख असतात. असो.)

दुकानातल्या वृद्ध गृहस्थांनी दोन गोष्टी सांगितल्या. पाते अंगठ्याने दाबून पाहा. वाकले तर खरवडायला निरुपयोगी, पण न वाकणाऱ्या पात्याने सांध्यांवर लुकण पसरायला जाऊ नका, त्यासाठी सहा इंची लवचीक पाते वेगळे घ्या. आणि पोलाद मुठीतून आरपार गेले आहे का, हे पाहा. नाहीतर पहिल्याच ठोक्याला मूठ हलायला लागते. साधे पोलाद धार चांगली धरते पण ओले राहिले तर गंजते. आमचा विसराळूपणा लक्षात घेऊन आम्ही न गंजणारे घेतले.

एवढे करूनही पहिल्या तासात आम्ही भिंत फाडली. फाडली हाच शब्द बरोबर आहे, कारण इथली भिंत गिलाव्याची नसते. जिप्समचा साधारण अर्धा इंच थर आणि दोन्ही अंगांना जाड कागद, असे हे 'ड्रायवॉल'. आपल्याकडे कार्यालयांच्या खोट्या छतांना लावतात त्यातलेच. ऑगस्टीन सॅकेट याने 1894 साली अशा तक्त्याचे पेटंट घेतले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर भराभर घरे बांधायची वेळ आली तेव्हा त्याने गिलावा जवळपास हद्दपार केला. गिलावा खरवडणाऱ्याचा आडदांडपणा सोसतो, कागद सोसत नाही. पात्याचा कोपरा जरा रुतला आणि हातभर लांबीची तपकिरी साल निघून आली. तिच्यावर ओले लुकण भरले तर कागदाला फुगे येतात. आधी सुटलेल्या कडा कापून, प्रायमरचा हात देऊन तो कागद बंद करावा लागतो. कानशीने पात्याचे कोपरे किंचित गोल करावेत, हे शहाणपण आम्हाला त्यानंतर सुचले. टोकदार कोपरा तेवढा राखला.

भिंत झाली, आता खिडकी, असे ठरले त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. आम्ही कौतुकाने पराक्रम सांगू लागलो. ती मध्येच म्हणाली, "आई, घर कोणत्या सालचं आहे?"

"बासष्टचं. का गं?"

"खिडकीला हात लावलात का?"

"उद्या लावणार होतो."

"बाबांना सांग, लावू नका. आणि भिंतीची धूळ तुम्ही दोघांनी किती खाल्लीत?"

अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर 1978 साली बंदी आली. सांधे भरण्याच्या लुकणातल्या ॲस्बेस्टॉसवर त्याच्या आदल्या वर्षी. आमचे घर दोन्हींच्या आधीचे. शिसे सापडण्याची शक्यता भिंतींपेक्षा खिडक्या-दारांच्या तैलरंगात अधिक, कारण तो रंग टिकाऊ हवा असे. आणि सरकती खिडकी वर-खाली करताना चौकटीवर घासून रंगाची बारीक धूळ होते. रांगणारे मूल ती बोटांवर घेते आणि बोटे तोंडात घालते. हे सगळे आम्ही कुठेतरी वाचले होते. या देशात तीस वर्षे काढून, छापील मजकूर चष्मा लावून वाचणारी माणसे आम्ही. पण अवजार निवडताना पाऊण तास घालवला आणि काय खरवडायचे आहे याचा पाच मिनिटे विचार केला नाही.

शिसे आम्हाला अनोळखी नव्हते. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. 2022 साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर उतरवले गेले आणि आतली मूर्ती दिसली, तेव्हा आम्हीही ती छायाचित्रे हात जोडून पाहिली होती. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात 90 भागांची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 पासून. आम्ही ज्या भुकटीवर नावे लिहीत होतो, तिच्यात काय होते ते आता कोण सांगणार? त्या रंगाऱ्यांच्या तोंडाला फार तर रुमाल असे, आणि आम्ही दिलेला चहा ते त्याच हातांनी पीत.

आम्ही खपल्या आणि लुकणाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. भिंतीचा रंग आणि लुकण निर्धोक निघाले. खिडकीच्या चौकटीत शिसे निघाले. जुन्या घरात पैसे घेऊन असे काम करणाऱ्याला 2010 पासून प्रमाणपत्र लागते. स्वतःच्या घरात स्वतः खरवडणाऱ्याला हा कायदा अडवत नाही. कदाचित मुलगी अडवेल असे त्याने गृहीत धरले असावे. प्रमाणपत्रवाल्या माणसाने खिडक्या पाहिल्या, आकडा सांगितला, आणि नोव्हेंबरातली तारीख दिली.

म्हणून पाळणा दिवाणखान्यात लावला आहे. मागच्या खोलीचे दार बंद, उंबऱ्यावर ओले फडके. कालथा धुऊन, पुसून स्वयंपाकघराच्या खणात ठेवला होता. लेकीला फोनवर तसे सांगितल्यावर तो तिथूनही हलवावा लागला.